रोटरी गाडीला टर्बो टाकायचाय पण बजेट कमी आहे? मग हे आधी वाचा

रोटरीसाठी (म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन, माझदाच्या आरएक्स गाड्यांतलं) टर्बो शोधणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, "किती हॉर्सपॉवरचा घेऊ?" आणि तिथेच गाडं फसतं. पिस्टन इंजिनवाले कॉम्प्रेसर म्हणजे इंजिनात हवा दाबणारी बाजू बघून टर्बो निवडतात, त्यांचं बहुतेक वेळा चालून जातं. रोटरीत मात्र आधी टर्बाइनची म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसने फिरणारी गरम बाजू बघायची, कॉम्प्रेसर नंतर.

कारण असं की आरएक्स-७ च्या १३बी या दोन रोटरच्या इंजिनला व्हॉल्व्हच नाहीत, रोटर फिरता फिरता एक्झॉस्ट पोर्ट एकदम उघडतो आणि सगळा गॅस धाडकन बाहेर पडतो, तोही भयंकर गरम, जोरात पळवली की ९०० डिग्री सेल्सिअसच्या वर सहज जातो. टर्बाइन फिरवायला एवढी ताकद मिळते म्हटल्यावर टर्बाइनभोवती लहान हाऊसिंगची (कवचाची) गरजच उरत नाही. उलट लहान हाऊसिंग लावलं की गॅस मागे तुंबतो, उष्णता चेंबरमध्येच राहते, मग डिटोनेशन होतं (मिश्रण बेताल फुटतं, यालाच नॉक म्हणतात) आणि रोटरच्या टोकावरचं एपेक्स सील तुटतं. हे सील जेमतेम २ मिमी जाडीचं असतं, पिस्टन इंजिन थोडंफार नॉक सहन करतं पण इथे एकाच जोरदार नॉकमध्ये इंजिन उघडायची वेळ येऊ शकते. म्हणून स्वस्तात मिळतोय म्हणून ०.६३ वगैरे ए/आर चा (हाऊसिंगच्या वाटेचं माप, आकडा लहान तर वाट अरुंद) टर्बो उचलू नका, टी४ फ्लँजचं (इंजिनाकडच्या जोडणीचा एक ठराविक साइज), मधे भिंत असलेलं ट्विन स्क्रोल हाऊसिंग बघा, साधारण ०.९ ते १.० ए/आर. दोन रोटर, दोन स्क्रोल, एकेकाला आपापला रस्ता, त्यामुळे हाऊसिंग मोठं असूनही लॅग (टर्बो जागा व्हायला लागणारा उशीर) फार जाणवत नाही.

आता कॉम्प्रेसर. १३बी कागदावर १३०८ सीसी आहे पण हवा खाण्याच्या बाबतीत त्याला २.६ लिटरचं फोर-स्ट्रोक समजा, कारण शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोन्ही रोटर एकेक चेंबर भरतात. ७५०० आरपीएमला बूस्टशिवाय (म्हणजे टर्बोने दिलेला जादा हवेचा दाब नसताना) साधारण २६ पाउंड हवा दर मिनिटाला, आणि १० पीएसआय बूस्टला इंटरकूलर धरून ४० च्या आसपास. हा आकडा कॉम्प्रेसर मॅपवर (कॉम्प्रेसर किती हवा किती दाबाने नीट देतो त्याचा आलेख) मांडून बघा, मधल्या चांगल्या पट्ट्यात येतोय का, की उजव्या कडेला चिकटलाय. एका पाउंडला १० हॉर्सपॉवर हा पिस्टनवाल्यांचा हिशोब इथे थोडा कमी करून धरा, रोटरी पेट्रोल जास्त पिते आणि त्यातली बरीच शक्ती उष्णता बनून एक्झॉस्टमधून निघून जाते.

कमी बजेटमध्ये माझी पसंती म्हणाल तर बोर्गवॉर्नरची एस३०० फॅमिली, ६० ते ६२ मिमी कॉम्प्रेसरवाली. जर्नल बेअरिंगचा (शाफ्ट ऑइलच्या थरावर फिरतो असा) साधा दणकट टर्बो, डिझेल इंजिनांच्या दुनियेतून आलेला, पार्ट मिळतात, रिबिल्ड करता येतो. बॉल बेअरिंगवाला थोडा लवकर जागा होतो, पण त्या फरकासाठी जे पैसे जातात त्यात पंप आणि इंजेक्टर येतील. बिनब्रँडच्या कॉप्या पेटीवर काहीही आकडे छापून येतात, आणि एवढ्या उष्णतेत टर्बाइन व्हीलचा धातू टिकेल की नाही हे लावल्याशिवाय कळत नाही, मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

एफडी (तिसऱ्या पिढीची आरएक्स-७) असेल तर आधी थांबा. ओरिजिनल ट्विन टर्बो "गेलेत" म्हणून बदलायला निघालेल्या अनेक गाड्यांत टर्बो ठीकच असतात, दगा दिलेला असतो व्हॅक्यूमच्या होजनी किंवा सोलेनॉइडने (विजेवर चालणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हने), ते होज उष्णतेने कडक होऊन तडकतात. गेजवर आधी १०, मग ४५०० आरपीएमच्या आसपास दुसरा टर्बो येताना ८ पर्यंत खाली, मग परत १० पीएसआय, असं दिसत असेल तर सिस्टीम धडधाकट आहे. नवे सिलिकॉन होज टाकणं टर्बोपेक्षा कितीतरी स्वस्त. एफसी टर्बोमध्ये (त्याआधीची, दुसऱ्या पिढीची आरएक्स-७) मुळातच एक टर्बो आहे, त्याच्याच बॉडीत मोठं कॉम्प्रेसर व्हील बसवून घेणं हा सगळ्यात कमी खर्चाचा उपाय, मॅनिफोल्ड (इंजिनापासून टर्बोपर्यंतची नळी) बदलायला नको. फक्त एक्झॉस्ट मोकळा केलात की छोटं वेस्टगेट (जादा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) पुरत नाही आणि बूस्ट आपोआप चढत जातो, ते भोक आधी मोठं करून घ्या. आरएक्स-८ वाल्यांनी जरा सांभाळून, त्याचे एक्झॉस्ट पोर्ट साइडला आहेत, मधला पोर्ट दोन्ही रोटर वाटून घेतात त्यामुळे ट्विन स्क्रोलचा फायदा नीट मिळत नाही, कॉम्प्रेशनही जास्त, १०:१, तेव्हा बूस्ट कमीच ठेवा.

सेकंडहँड घेताय? टॉर्च घेऊन जा. शाफ्ट पुढेमागे ढकलून बघा, हाताला प्ले जाणवला तर सोडून द्या, आडवा किंचित हलला तर जर्नल बेअरिंगमध्ये चालतं. मग टर्बाइनची पाती, जिथून गॅस आत येतो त्या टोकाकडून बघा. कडा चेचलेल्या, बारीक तुकडे उडालेले दिसले तर समजून जा, कुठल्या तरी इंजिनचं एपेक्स सील तुटून तिथून गेलंय. विकणारा म्हणेल "काही नाही हो, चालतो," पण बॅलन्स गेलेला असतो. हाऊसिंगमध्ये दोन स्क्रोलमधल्या भिंतीवर आणि वेस्टगेटच्या भोकाजवळ तडे बघा, केसासारखा एखादा असेल तर भावात घासाघीस करा, आरपार गेलेला असेल तर नको.

आणि पैशाचं गणित असं लावा की टर्बोवर एकूण बजेटच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त जाऊ नये. उरलेल्यात मॅनिफोल्ड, एक्स्टर्नल वेस्टगेट (ट्विन स्क्रोलला दोन्ही बाजूंकडून गॅस घेणारं), डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), ऑइल लाइन, इंधन पंप, मोठे इंजेक्टर, वाइडबँड (मिश्रण मोजणारा सेन्सर) आणि प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बसवायचाय. बूस्टवर हवा-पेट्रोलचं मिश्रण ११:१ च्या आसपास, पिस्टनपेक्षा श्रीमंतच (पेट्रोल जास्त असलेलं) ठेवावं लागतं, त्यामुळे इंधनात काटकसर करायचीच नाही. आणि हे सगळं सुरू करण्याआधी रोटरीच्या टेस्टरने कॉम्प्रेशन तपासून घ्या, साधा टेस्टर रोटरच्या तिन्ही बाजू वेगळ्या दाखवत नाही, आणि तीनपैकी एक बाजू पडलेली असेल तर टर्बोचा विषय तूर्तास बंद, ते पैसे इंजिनला लागणारेत.

लावताना ऑइलचा परतीचा पाइप जाड आणि सरळ खाली उतरणारा ठेवा, बॉल बेअरिंग घेतलाच असेल तर आत येणाऱ्या लाइनला साधारण १ मिमीचा रिस्ट्रिक्टर (ऑइल कमी करणारं बारीक भोक) लावा, रोटरीचं ऑइल प्रेशर तसंही जास्त असतं. वेस्टगेटमध्ये सगळ्यात हलकी स्प्रिंग टाका, पहिलं ट्यूनिंग त्याच बूस्टवर पूर्ण करा आणि बूस्ट कंट्रोलर नंतर जोडा.