आखातातून पैसे पाठवताय? रेटच्या या चुका टाळा

खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण, कुठल्याही गावात जा, आखातात राहणारं कुणी ना कुणी भेटतंच. आणि त्या प्रत्येकाला रुपया उद्या कुठे जाणार ते पक्कं ठाऊक असतं. गणपतीच्या आधी तर मला फोनवर फोन येतात, “काका, दिरहम चढलाय, पाठवू की थांबू?”

पहिली चूक या प्रश्नातच आहे. दुबईचा दिरहम आपणहून चढत नाही की उतरत नाही. 1997 पासून एका डॉलरला 3.6725 दिरहम हा भाव बांधलेला आहे. सौदी रियाल 1986 पासून 3.75 वर बसलाय. ओमान, कतार, बहरीन सगळे डॉलरच्याच दावणीला. वेगळा फक्त कुवेतचा दिनार. तो 2007 पासून पुन्हा अनेक चलनांशी मिळून जोडलाय, आणि त्यात कुठल्या चलनाचा वाटा किती ते कुवेत सांगत नाही.

तेव्हा दुबईच्या काउंटरवर दिसतो तो डॉलर-रुपयाचाच भाव, 3.67 ने भागलेला. दुबईत काय चाललंय ते विचारून काय मिळणार? भारतात डॉलर किती येतोय आणि किती जातोय ते बघा. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांच्या वर बाहेरून येतं. तेल महागलं की तेलकंपन्या जास्त डॉलर विकत घेतात आणि रुपया दबतो. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं, त्यात कोळंबीसुद्धा आली. निर्यातीतून येणाऱ्या डॉलरची चिंता लागली, त्यात परदेशी गुंतवणूकदार पैसा काढून नेत होते. डिसेंबरात डॉलर 90 च्या पार गेला. यात दुबईने काहीच केलं नव्हतं.

जुन्या लोकांना आठवत असेल, एके काळी दुबईत आपलाच रुपया चालायचा. रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. 6 जून 1966 ला दिल्लीने रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर 4.76 वरून 7.50 झाला, आणि दुबई-कतारने त्या नोटा सोडल्या. निर्णय दिल्लीत झाला, चटका तिकडे बसला.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. थांबणं. “अजून चढेल.”

2013 चा ऑगस्ट. शारजात आमच्या खोलीत खेडकडचा एक मिस्त्री होता. गावी चिऱ्याचं घर स्लॅबपर्यंत आलेलं, हातात वीस हजार दिरहम. अमेरिकेची मध्यवर्ती बँक पैशाचा ओघ आवरणार या धास्तीने डॉलर 28 ऑगस्टला 68 च्या वर गेला, दिरहम साडेअठराच्या पुढे. रेमिटन्सच्या दुकानांपुढे रांगा. हा म्हणाला, वीस होऊ दे, मग पाठवतो. तिकडे गवंडी अडून बसला म्हणून बायकोने पतपेढीतून कर्ज काढलं. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने तेलकंपन्यांना थेट डॉलर द्यायची सोय केली. सप्टेंबरात रघुराम राजन गव्हर्नर झाले, अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवी ओढायला बँकांना सवलत मिळाली, आणि अमेरिकेनेही हात आखडता घ्यायचं पुढे ढकललं. ऑक्टोबरात डॉलर एकसष्टच्या आसपास आला, दिरहम पावणेसतराच्या. मिस्त्रीचे जवळपास चाळीस हजार रुपये गेले. पतपेढीचं व्याज वेगळंच. वर मलाच म्हणाला, नशीब!

नशीब कसलं? ज्याचा हप्ता, फी, गवंडी ठरलेला आहे, त्याने रेट बघूच नये. माझी पद्धत अगदी साधी. घरखर्च पगाराच्या दिवशी जातो. घरबांधणीसारखी मोठी रक्कम तीन-चार महिन्यांत तुकड्यांनी. उरलेल्याची घाई नसेल तर एफसीएनआर ठेव, ती परदेशी चलनातच राहते, मुदत एक ते पाच वर्षं. ही पोरं मात्र रात्री दोनला रेटचे स्क्रीनशॉट पाठवतात आणि पासबुक सहा महिने उघडत नाहीत.

निवडणुकीवर पैज लावू नका. 4 जून 2024 ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, शेअर बाजार जवळपास 6 टक्के कोसळला, रुपया अर्ध्या रुपयानेही हलला नाही. रुपया फार हलू नये म्हणून रिझर्व्ह बँक मध्ये उभी असते.

रेट दुप्पट झाला म्हणून श्रीमंती दुप्पट झाली असंही नाही. 2010 ला दिरहम साडेबाराच्या आसपास होता. तेव्हाची गवंड्याची मजुरी आठवा.

गूगलवरचा रेट काउंटरवर मागू नका. “फी शून्य” पाटीलाही भुलू नका, फी रेटमध्येच घेतलेली असते. हजार दिरहमला खात्यात किती रुपये पडतील एवढंच विचारा, दोन दुकानांत.

हुंडी, म्हणजे बँकेबाहेरून दलालामार्फत पैसे पाठवणं, नको. दहा-वीस पैसे जास्त मिळतात हे खरं, पण बुडाले तर तक्रार कुठे करणार? शिवाय फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचा भंग. फॉरेक्स ट्रेडिंगची ॲपं तर बोलूच नका. त्यातल्या बिनपरवाना नावांची यादी रिझर्व्ह बँकेने स्वतः काढली आहे.

आणि व्हिसा लागल्यावरही गावच्या बँकेतलं जुनं बचत खातं तसंच चालवणारे अजून भेटतात. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. तिकडची कमाई एनआरईत, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीच्या खात्यात टाका, भारतात त्या व्याजावर कर नाही. फॉर्म भरायला पुढच्या सुट्टीत शाखेत जाताना पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स बरोबर न्या.