ढाबळीत पाकोळ्या दिसल्या की आधी कोपरे बघा

पोळा जवळ आला की कबुतरांच्या ढाबळीत एक गोष्ट हमखास दिसते. संध्याकाळी बल्ब लावला की बोटाच्या पेराएवढ्याही नसलेल्या करड्या पाकोळ्या, म्हणजे छोटे पतंग, जाळीवर येऊन बसतात. दोन दिवसांनी दहाच्या पन्नास होतात आणि ओळखीपाळखीच्या कबुतरवाल्यांचे फोन सुरू होतात, "काय फवारू?"

आधी काहीच फवारू नका. पाकोळी कबुतराला चावत नाही, त्याचं रक्तही पीत नाही. तिच्यामुळे एवढंच कळतं की ढाबळीत कुठेतरी दाणा सांडून दमट झालाय, नाहीतर पिसांचा ढीग साचलाय. तो सापडला नाही तर कितीही औषध मारा, पंधरा दिवसांनी पाकोळ्या परत येणार.

दाण्यातली पाकोळी ओळखायला सोपी. मका किंवा बाजरी मुठीत घेतली की दाणे जाळ्याने एकमेकांना चिकटून गठ्ठ्याने उचलले जातात, आत मळकट पांढरी अळी असते. हरभरा-मुगाला गोल भोकं आणि दाण्यावर पांढरे ठिपके दिसले तर तो भुंगेरा, आणि ते ठिपके म्हणजे त्याची अंडी. ज्वारी-गव्हात सोंडे. पिसांवर जगते ती मात्र वेगळी, लोकरीच्या कपड्यांना लागते तीच कसर. सध्या कबुतरांची पिसं झडण्याचे दिवस आहेत, त्यामुळे फळीमागे, कप्प्याच्या मागच्या फटीत तिला खायला भरपूर मिळतं. कोपरे रोज झाडा. चाऱ्याच्या ताटाखालची जागाही ताट उचलून झाडा.

पावसाळ्यात दाणा पंधरा दिवसांपुरताच आणा. पोत्यात ठेवू नका, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. जुन्या दाण्यावर नवा ओतू नका. डबा रिकामा करून, पुसून, उन्हात तापवून मगच भरा. ऊन पडलं की काळ्या प्लास्टिकवर दाण्याचा पातळ थर पसरा. दाताखाली धरल्यावर कट्ट वाजला पाहिजे, दबला तर अजून दमट आहे. ऊनच नसेल आणि दाणा थोडा असेल तर पिशवी बांधून चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, अळी आणि अंडी दोन्ही मरतात. बुरशीचा वास येणारा दाणा मात्र वाळवून, चाळूनही देऊ नका. तो फेकायचाच.

दाण्यात ठेवायच्या विषारी वायूच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, घरात किंवा ढाबळीजवळ अजिबात नकोत. तो वायू माणसालाही सोडत नाही. डांबराच्या गोळ्याही नकोत. आणि पूर्वी सर्रास फवारलं जायचं ते डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक आता विसरा. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर बंदी आहे आणि त्या जातीच्या औषधांनी पक्षी माणसापेक्षा लवकर दगावतो.

पाकोळ्यांच्या निमित्ताने कप्पे उघडाल तेव्हा खरा शत्रू शोधा. तो म्हणजे कबुतरमाशी. ही चपटी, तपकिरी माशी पिसांखालून खेकड्यासारखी आडवी पळते, चिमटीत धरून दाबली तरी पटकन मरत नाही. दिवसातून दोनदा तरी रक्त पिते, आणि पिसं पुरती न फुटलेली दोन-तीन आठवड्यांची पिल्लं तिला सगळ्यात सोपी. रक्तातल्या तांबड्या पेशींत वाढणारा, हिवतापाच्या जंतूच्या नात्यातला हिमोप्रोटिअस नावाचा परजीवी तीच पसरवते. पिसातल्या उवाही तिच्या पायांना धरून एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर जातात.

पहिल्या वर्षी घरट्याच्या परळात, म्हणजे घरटं असतं त्या पसरट भांड्यात, काड्यांखाली मला चकचकीत काळे दाणे दिसले. मोहरी समजून तसेच राहू दिले. महिन्याभरात त्या कप्प्यातली दोन्ही पिल्लं पांढरी पडली, मान टाकली आणि गेली. ते दाणे या माशीचे कोष होते. ही माशी अंडी घालत नाही. पूर्ण वाढलेली अळीच घरट्यात सोडते, तिचा लगेच कोष होतो आणि साधारण महिन्याने त्यातून माशी निघते.

म्हणून घरटं २५ दिवसांच्या आत बदलायचं. हिशोब अवघड नाही. अंडी उबायला १८ दिवस लागतात, पिल्लं आठवड्याची झाली की २५ भरले. त्या दिवशी पिल्लं हळूच नव्या परळात, ताज्या काड्यांवर ठेवा. आई-बाप बुजत नाहीत, फक्त जागा तीच ठेवा. पिल्लं उडाली की पुन्हा बदला. जुन्या काड्या ढाबळीबाहेर नेऊन जाळा, परळ उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवा. नुसतं ढाबळीमागे टाकून उपयोग नाही, माशी तिथूनही परत येते. मी प्रत्येक कप्प्यावर खडूने तारीख लिहितो.

लाल माइट हे बारीक किडे दिवसा दिसत नाहीत, फळ्यांच्या सांध्यांत लपतात आणि रात्री येऊन रक्त पितात. रात्री बॅटरी घेऊन जा, बसायच्या दांडीखाली पांढरा कागद धरून दांडी ठोका. हलणारे तांबूस ठिपके पडले तर फटी खरवडून उकळतं पाणी ओता, वाळल्यावर चुन्याचा दाट हात द्या. उपाशीपोटी ते महिनोन्महिने तग धरतात, त्यामुळे रिकामी ढाबळ स्वच्छच असेल असं धरू नका.

उवांसाठी पंख उजेडासमोर धरून बघा, पिसाच्या रेघांमध्ये बारीक लांबट काड्यांसारख्या दिसतील. थोड्या असतील तर आठवड्यातून एकदा पसरट घमेल्यात आंघोळीचं पाणी ठेवलं तरी निरोगी कबूतर चोचीने बाकीचं काम करतं. एकाच पक्ष्यावर फार दिसल्या तर त्याची चोच तपासा. टोक तुटलेलं किंवा वाकडं असेल तर त्याला पिसं विंचरता येत नाहीत. परमेथ्रिनची पावडर किंवा आयव्हरमेक्टिन ही किड्यांवरची औषधं द्यायची तर पशुवैद्यकीय दवाखान्यात पक्षी दाखवून, मात्रा विचारूनच. शेळीच्या मात्रेचा अंदाज कबुतराला लावू नका.

झाडताना नाका-तोंडाला मास्क लावा आणि विष्ठेवर आधी पाण्याचा हलका शिपका मारा. ती धूळ छातीत जाऊन बसते. आणि बाजारातून आणलेली नवी जोडी तीन आठवडे वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा. पहिल्याच दिवशी पंखांखाली फुंकर मारून बघा, माशी असेल तर लगेच पळताना दिसते.