घराच्या कामासाठी, छाटणीसाठी बूम लिफ्ट आणताय? या चुका टाळा

उंच शिडीवर एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने कापण्यापेक्षा बूम लिफ्ट, म्हणजे लांब यांत्रिक हाताच्या (बूमच्या) टोकाला माणसासाठी बास्केट असलेलं यंत्र, केव्हाही बरी. पण लिफ्ट आली की सगळ्यांचं लक्ष वर जातं आणि पहिली चूक खालीच होते.

हिरवळ पायाला घट्ट लागते म्हणून लिफ्टचं वजन पेलेलच असं नाही. बूम एका बाजूला लांब गेला की जवळजवळ सगळा भार त्या बाजूच्या एक-दोन आउटरिगरवर, म्हणजे यंत्राला टेकू देणाऱ्या पायांवर येतो. त्याखाली सेप्टिक टाकीचं झाकण, ड्रेनेजचं चेंबर किंवा नुकताच बुजवलेला चर असेल तर पाय खचतो आणि लिफ्ट कलंडते. म्हणून आधी जमिनीखाली काय आहे याची चौकशी करा. प्रत्येक पायाखाली रुंद, जाड पॅड घाला आणि लेव्हलचा बुडबुडा मध्यावर आणा. ओल्या जमिनीवर पाय हळूहळू खचत राहतात, तेव्हा थोड्या थोड्या वेळाने पुन्हा बघा. पाय सैल वाटला तर आधी बास्केट पूर्ण खाली घ्या, मगच जॅकला हात लावा.

विजेच्या तारांबाबत तडजोड नको. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक लिफ्ट इन्सुलेटेड नसतात आणि टायर रबरी असले तरी ते वाचवत नाहीत. ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारांपासून निदान ३ मीटर अंतर हवं, त्याहून जास्त दाबाला आणखी जास्त. हे अंतर बास्केट, तुमचा हात, करवत आणि पडणारी फांदी या सगळ्यांना लागू आहे. फांद्या तारांत शिरल्या असतील तर ते काम वीज कंपनीचं. आणि लिफ्ट तारेला टेकलीच, तर लाईन बंद होईपर्यंत खालच्या माणसाने यंत्राला अजिबात हात लावू नये.

हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याचा हुक बास्केटमधल्या अँकरलाच (त्यासाठीच्या कडीला) लावा. झाडाला लावला आणि बास्केट हलली, तर तोच दोर तुम्हाला बाहेर खेचेल. कठड्यावर चढणं किंवा बास्केटमध्ये स्टूल ठेवणंही नको. हात पुरत नसेल तर लिफ्ट हलवा.

छाटणीत सर्वात जास्त फसगत होते ती फांदीच्या वजनाबाबत. जड फांदी बुंध्याशी एका दमात कापली तर ती साल सोलत खाली येते. आधी बुंध्यापासून ३०-४० सेंटिमीटरवर खालून थोडा काप द्या, मग त्याच्या किंचित पुढे वरून. फांदी सुटली की उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर कडेबाहेर कापा. ती कड शाबूत राहिली तरच जखम नीट भरते. टोकाचा भार उतरला की राहिलेली फांदी उसळून वर येते, त्यामुळे बास्केट तिच्या बरोबर वर नको आणि खाली तर नकोच, बाजूला घ्या. चेनसॉ दोन्ही हातांनी धरा, खांद्याच्या वर उचलू नका. कापलेली फांदी दोराने बास्केटला बांधू नका, ती क्रेन नव्हे. बऱ्याच छोट्या लिफ्टची क्षमता २०० ते २३० किलो असते आणि त्यात माणूस, अवजारं, आत पडलेला पाला सगळं धरलेलं असतं. यंत्रावरचा आकडा वाचा.

बाहेर वापरायच्या बऱ्याच यंत्रांना वाऱ्याची मर्यादा सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर असते. फांद्या त्याआधीच बेभरवशाने हलू लागतात, तेव्हाच थांबावं. फक्त आत वापरण्यासाठी बनवलेली लिफ्ट अंगणात आणूच नका.

आता लिफ्ट हलतच नसेल तर. खालचं आणि बास्केटमधलं, इमर्जन्सी स्टॉपची दोन्ही लाल बटणं बाहेर ओढलेली आहेत का? किल्ली योग्य पॅनलकडे फिरवली आहे का? सगळे आउटरिगर टेकलेत का? एक पाय अधांतरी असला तरी बूम उठत नाही. पायाचा स्विच असेल तर त्याखाली भुसा, डहाळ्या अडकल्यात का ते बघा. बॅटरी तपासा. टिल्टचा (यंत्र कलल्याचा) किंवा ओव्हरलोडचा अलार्म वाजत असेल तर त्याचं कारण काढा. लिमिट स्विच (मर्यादा ओलांडली की यंत्र थांबवणारा) बांधून ठेवून काम पुढे रेटणं जिवावर बेतू शकतं. तेल गळत असेल तर बोटाने चाचपू नका, दाबाखालची बारीक धार कातडी भेदून आत जाते. पुठ्ठा धरून बघा आणि यंत्र बंद करून मालकाला बोलवा.

एक माणूस सतत खाली हवा, आणि इमर्जन्सी लोअरिंगचा (अडचणीत बास्केट खालून उतरवण्याचा) व्हॉल्व्ह किंवा हातपंप कुठे आहे हे त्याला माहीत हवं. कामाला लागण्याआधी बास्केट थोडी वर नेऊन ती त्याच्याकडून एकदा खाली उतरवून घ्या.