मीटिंग सुरू होताच ब्लूटूथ हेडफोनचा आवाज बिघडतो? माझा अनुभव

विंडोज १० वर गाणी छान वाजायची, पण मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या लँडलाइनसारखा खरखरीत. ड्रायव्हर नव्याने टाकला, पेअरिंग काढून परत केलं, हेडफोन रिसेट केला; फरक शून्य. अगदी वैताग आला.

हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ हँड्स-फ्री प्रोफाइलवर (म्हणजे फोन कॉलसाठीच्या, कमी दर्जाच्या आवाजाच्या मोडवर) जातं आणि स्टीरिओ बंद पडतो.

आधी मीटिंगचं ॲप पूर्ण बंद करा. कंट्रोल पॅनेलमध्ये 'डिव्हायसेस अँड प्रिंटर्स' उघडून हेडफोनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग सर्व्हिसेस. 'हँड्सफ्री टेलिफोनी'ची टिक काढून ॲप्लाय करा. 'ऑडिओ सिंक'ला हात लावू नका, नाहीतर आवाजच जाईल. हेडफोन बंद करून पुन्हा जोडा. आता हेडफोनचा माइक चालणार नाही, म्हणून ॲपमध्ये लॅपटॉपचा माइक निवडा. घरात गोंगाट असेल तर वायरवाला माइक घ्याच.