कॅल्कच्या जुनाट बटणांना नवी चित्रं

लिब्रेऑफिसचं कॅल्क, म्हणजे स्प्रेडशीटचं सॉफ्टवेअर, माझ्यासमोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडं असतं. त्यामुळे टूलबारवरचं प्रत्येक चित्र क्षणात ओळखू यावं, हा माझा आग्रह आहे. सावल्या, चकाकी, एकात एक मिसळणारे रंग अशी जुनी चित्रं आजच्या पडद्यांवर मळकट दिसतात. मूळ चित्र 16 पिक्सेलचं आणि ताणलंय दुप्पट, मग कडा फाटणारच.

चित्रं काढायला बसण्याआधी तयार थीम, म्हणजे बटणांच्या चित्रांचे संच, बघून घ्या. ऑगस्ट 2018 मधल्या 6.1 आवृत्तीपासून विंडोजवर 'कोलिब्रे' ही आपोआप लागणारी थीम आहे. शिवाय ब्रीझ, सिफ्र, एलिमेंटरी वगैरे आहेतच. टूल्समधून ऑप्शन्स उघडलं की आयकॉन थीमची यादी सापडते. टूलबारच्या चित्रांचा आकारही ऑप्शन्समध्येच बदलता येतो. पडदा जास्त रिझोल्यूशनचा असेल तर एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या चित्रांची) थीम निवडा. पुष्कळांचं काम एवढ्यावरच भागतं.

तरी एखादं चित्र खटकत असेल तर ते स्वतः काढा. माझ्या मते सगळ्यात अवघड जोडी सॉर्टची: चढता आणि उतरता क्रम. दोन्ही बटणं शेजारी शेजारी, आणि फरक म्हणाल तर A आणि Z या अक्षरांच्या जागेचा. जागा मोकळी करायची म्हणून अक्षरं काढून नुसत्या लहानमोठ्या पट्ट्या ठेवल्या, तर तेच चित्र अलाइनमेंटचं वाटायला लागतं. म्हणून अक्षरं ठेवावीत. एकाखाली एक, प्रत्येकी सात पिक्सेल उंच, मध्ये एका पिक्सेलची फट, आणि उजवीकडे जाड बाण. तिसरं काहीही नको.

इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये 16 बाय 16 पिक्सेलचं पान घ्या आणि एका पिक्सेलची ग्रिड लावा. आता नीट लक्ष द्या. रेघेची जाडी तिच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी पसरते. एक पिक्सेल जाडीची रेघ बरोबर ग्रिडच्या रेषेवर ठेवलीत तर ती दोन पिक्सेलांत वाटली जाते आणि राखाडी, पसरट दिसते. तीच अर्ध्या पिक्सेलने सरकवून 3 ऐवजी 3.5 वर ठेवली की ठसठशीत उमटते. दोन पिक्सेलच्या रेघेला मात्र पूर्ण आकडाच हवा. आणि मोठ्या आकाराच्या, 24 पिक्सेलच्या बटणासाठी 16 चं चित्र मोठं करू नका; दीडपट केल्यावर एक पिक्सेलची रेघ दीड पिक्सेलची होते आणि धूसरपणा परत येतो. ते चित्र नव्यानेच काढा.

अर्थ फक्त लाल-हिरव्यावर सोपवू नका, काहींना तो फरक दिसतच नाही. गडद पार्श्वभूमीवरही चित्र तपासा, राखाडी रेघा तिथे हमखास बुडतात. सेव्हची फ्लॉपी मात्र राहू द्या. नजर तिलाच शोधते, आणि ती सवय मोडण्यात कुणाचंच भलं नाही.

एक-दोन बटणंच बदलायची असतील तर टूल्समधल्या कस्टमाइझमध्ये टूलबार्स उघडा. बटण निवडून 'मॉडिफाय', मग 'चेंज आयकॉन', तिथून आपलं चित्र आत घ्या.

अख्खा संच बदलायचा असेल तर इन्स्टॉलेशनच्या 'शेअर' फोल्डरमधल्या 'कॉन्फिग'मध्ये जा. तिथे प्रत्येक थीमची झिप फाइल असते. मूळ फाइलला हात लावू नका. तिची प्रत करा, 'इमेजेस' आणि अंडरस्कोअर ही सुरुवात तशीच ठेवून पुढचं नाव बदला, आणि आतली चित्रं त्याच नावांनी बदला. आज्ञांची चित्रं 'सीएमडी' फोल्डरमध्ये आहेत; नाव 'एससी'ने सुरू झालं तर लहान आकाराचं, 'एलसी'ने सुरू झालं तर मोठं. या फोल्डरात लिहायला बहुधा ॲडमिनचा पासवर्ड लागतो. कॅल्क बंद करून पुन्हा उघडलं की नवी थीम यादीत येते. झिपची एक प्रत इन्स्टॉलेशनच्या बाहेरही ठेवा, कारण नवी आवृत्ती टाकताना तो फोल्डर पुसला जाऊ शकतो.