प्लस अठरा : मॉडिफाय केलेल्या गाडीचं आयडल आणि फ्युएल ट्रिम

चाळीसगावहून आलेल्या एका हॅचबॅकने माझे तीन दिवस खाल्ले. १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन. मालक पोरगा हौशी. त्याने कंपनीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला जळका गॅस बाहेर नेणारा भाग) काढून त्याजागी हेडर, म्हणजे बाजारातला पाइपांचा मॅनिफोल्ड, बसवलेला, मागे फ्री फ्लो सायलेन्सर, बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर. सकाळी थंड गाडी एका जागी छान उभी राहायची. पाच-सात मिनिटांत गरम झाली की आरपीएमचा काटा ७०० ते १००० मध्ये झुलायचा, मधेच मिसिंग, सिग्नलला बंद, आणि मागे उभं राहिलं तर पेट्रोलचा वास.

मी धुळ्याला आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला, तिथेच एका गॅरेजला हात काळे केले आणि आता जळगावात स्वतःचं शटर आहे. या लाइनीत नवीन येणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय, कारण त्या तीन दिवसांत जे कळलं ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर मालकाचे पैसे वाचले असते.

स्कॅनर लावला तर कोड होता पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. आयडलला (गाडी उभी, अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला) लाँग टर्म ट्रिम प्लस १८. आरपीएम २५०० वर धरला की तोच आकडा प्लस ४ वर यायचा.

आधी हा आकडा नीट समजून घ्या. किती हवेला किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, कंपनीतूनच भरलेला असतो. साध्या पेट्रोलला हे प्रमाण वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर जळून गेल्यावर किती ऑक्सिजन उरला ते सांगतो. साध्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत वर-खाली होतो. त्याचं ऐकून ईसीयू तक्त्यातल्या हिशोबात जी टक्केवारी वाढवतो किंवा कापतो, ती फ्युएल ट्रिम. शॉर्ट टर्म घडीघडीला हलतो. तीच दुरुस्ती रोजची झाली की ईसीयू ती लाँग टर्ममध्ये लिहून ठेवतो. वाचताना दोन्हींची बेरीज करा. बेरीज पाचच्या आत असेल तर गाडी सुखात आहे, दहाच्या पुढे गेली की शोध सुरू करा, वीस-पंचवीसच्या आसपास दिवा लागतो.

नवीन पोरं इथे हमखास फसतात. प्लस दिसला की म्हणतात, पेट्रोल जास्त जातंय. प्लसचा अर्थ एवढाच, की ईसीयूला मिश्रण पातळ वाटलं आणि म्हणून त्याने पेट्रोल वाढवलं. ‘वाटलं’ हा शब्द लक्षात ठेवा.

मी काय केलं? आयडलला प्लस जास्त आणि रेस केल्यावर कमी, म्हणजे व्हॅक्यूम लीक (इनटेकच्या फटीतून बाहेरची हवा आत शिरणं), हा नियम मी पाठ केलेला होता. ब्रेक बूस्टरचा पाइप बदलला, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकला नेणारा) पाइप बदलला, इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणारा भाग) उतरवून नवीन पॅकिंग टाकलं, इंजेक्टरच्या ओ-रिंगही बदलल्या. ट्रिम तसाच, प्लस अठरा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धुळ्याच्या उस्तादांना फोन केला. सगळे त्यांना नाना म्हणतात. नानांची उमर कार्ब्युरेटरमध्ये गेली, स्कॅनरला ते हात लावत नाहीत. फोन उचलताच, “काय जायं भो?” मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “प्लग पाहिले का?”

पाहिले नव्हते. काढले तर चारही काजळीने काळे. मिश्रण खरोखर पातळ असतं तर प्लग पांढरट निघाले असते. म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त होतं आणि सेन्सर मात्र पातळ आहे म्हणून ओरडत होता. वास येत होता तोही त्याचाच.

मग मी पहिल्या दिवशीच बघायला हवा होता तो आकडा पाहिला: इनटेक मॅनिफोल्डचं प्रेशर. आयडलला ३२ किलोपास्कल, अगदी नॉर्मल. या इंजिनात हवा थेट मोजणारा एअरफ्लो सेन्सर नाही. हवा किती येते ते ईसीयू मॅनिफोल्डमधल्या प्रेशरवरून आणि हवेच्या तापमानावरून काढतो. आपल्याकडच्या कितीतरी लहान पेट्रोल गाड्यांत हीच पद्धत आहे. अशा गाडीत व्हॅक्यूम लीक झाला तर आत शिरलेली हवा प्रेशर वाढवते, ते सेन्सरला दिसतं आणि ईसीयू त्या मानाने पेट्रोल देतो. ट्रिम फारसा हलत नाही, आयडल मात्र चढतं, काही वेळा पी०५०७ (आयडल जास्त असल्याचा कोड) येतो. गळती एखाद्याच सिलिंडरच्या तोंडाशी असेल तर तो एकटा मिसिंग मारतो. मी पाठ केलेला नियम एअरफ्लो सेन्सरच्या गाड्यांचा. तिथे सेन्सरच्या पुढे, इंजिनच्या बाजूला शिरलेली हवा मोजलीच जात नाही, म्हणून ट्रिम धावतो. गाडी हातात आली की ती हवा कशाने मोजते हे आधी विचारा. माझ्या वहीत आता प्रत्येक गाडीच्या पानावर पहिली ओळ तीच असते.

खरा दोष हेडरच्या फ्लँजमध्ये होता. सिलिंडर हेडला जिथे तो बसतो तिथे पट्टी वाकलेली आणि आत पातळ पत्र्याचं पॅकिंग. एक्झॉस्टचा गॅस झटक्या-झटक्याने बाहेर पडतो आणि दोन झटक्यांच्या मधे पाइपात क्षणभर ओढ तयार होते. आयडलला त्या फटीतून बाहेरची हवा आत खेचली जायची. ऑक्सिजन सेन्सर त्या फटीच्या पुढे बसलेला, त्याला ऑक्सिजन दिसायचा आणि ईसीयू बिचारा पेट्रोल ओतत राहायचा. २५०० ला आतलं प्रेशर वाढलं की खेच कमी, म्हणून प्लस ४. व्हॅक्यूम लीकसारखाच नमुना, कारण अगदी वेगळं. थंड असताना गाडी चांगली का, तेही उलगडलं: सेन्सर तापेपर्यंत ईसीयू त्याचं ऐकत नाही, तक्त्यावर चालतो.

खात्री अशी केली. गाडी रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी सायलेन्सरच्या तोंडाला ब्लोअर लावला, ब्लोअरभोवतीच्या फटी कापडाने बंद केल्या आणि फ्लँजवर साबणाचं पाणी मारलं. दोन आणि तीन नंबरच्या मधे भराभर बुडबुडे. एवढी साधी गोष्ट, दहा मिनिटांची. थंड स्टार्टला टिक-टिक आवाज येऊन गरम झाल्यावर तो गेला तरीही हाच संशय घ्या, धातू फुगून फट थोडी मिटते. फ्लँज लेथवर सपाट करून आणली, जाड मल्टिलेअर पॅकिंग टाकलं, बोल्ट मधून बाहेर या क्रमाने टॉर्क रेंचने कसले. ट्रिम रिसेट केला. अर्ध्या तासाने आयडलला प्लस ३, काटा ७५० वर स्थिर. त्या वेळी जो आनंद झाला तो अजून आठवतो.

व्हॅक्यूम लीक शोधायला पुष्कळ जण कार्ब क्लीनरचा फवारा मारतात. तापलेल्या हेडरजवळ हे करू नका, भडका उडतो. पाण्याची बारीक फवारणी किंवा धुराचं मशीन वापरा.

ट्रिम नेहमी तीन ठिकाणी घ्या: आयडलला, न्यूट्रलमध्ये २५०० वर, आणि रस्त्यावर लोडमध्ये, म्हणजे इंजिनवर ताण असताना. लोडसाठी चढ हवा. चाळीसगाववाल्यांना कन्नडचा घाट जवळ आहे. जळगावात मी हायवेवर, रस्ता मोकळा पाहून, तिसऱ्या गिअरमध्ये दाबतो आणि आकडे वाचायला पोरगा शेजारी बसतो. लोड वाढेल तसा प्लस वाढत गेला तर पंप, फिल्टर, पेट्रोलचं प्रेशर तपासा. स्वस्त डोंगलमध्ये (मोबाइलवर आकडे दाखवणारा छोटा स्कॅनर) आकडे उशिरा येतात, म्हणून एका वेळी चारच लावा: दोन्ही ट्रिम, आरपीएम, मॅनिफोल्ड प्रेशर.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी हिशोबात धरा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या गाडीत चार-पाच टक्के प्लस आपोआप दिसतो. त्याच्यामागे धावू नका. दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो. बॉनेटखालचा उघडा फिल्टर तेव्हा रेडिएटरमागची तापलेली हवा ओढतो आणि पिकअप पडतो. तो फिल्टर बसवायचाच असेल तर पत्र्याचा आडोसा करून ग्रिलकडची हवा द्या. माझं विचाराल तर कंपनीचा डबाच बरा.

सीएनजी किटच्या गाड्या आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात. तक्रार ठरलेली: “गॅसवर चांगली, पेट्रोलवर टाकली की बंद पडते.” सिक्वेन्शियल किटमध्ये (प्रत्येक सिलिंडरला आपापल्या पाळीने गॅस देणारं) गॅसचा वेगळा ईसीयू पेट्रोलचा इंजेक्टर किती वेळ उघडा राहायला हवा तो वेळ वाचतो आणि त्याला आपला गुणांक लावून गॅस सोडतो. गॅसचा मॅप, म्हणजे या गुणांकांचा तक्ता, चुकला तर पेट्रोलचा ईसीयू ट्रिम हलवून ती चूक भरून काढतो. मग पेट्रोलवर आलं की तोच ट्रिम चुकीचा ठरतो. इथे प्लग-कॉइल बदलून काही होत नाही. गाडी गरम करा, पेट्रोलवर एका ठरावीक आरपीएम आणि प्रेशरला इंजेक्टरचा वेळ लिहून घ्या, गॅसवर टाकून तोच आरपीएम आणि तेच प्रेशर धरा. वेळ वाढला तर गॅस कमी पडतोय, गुणांक वाढवा. घटला तर उतरवा. दोन्ही वेळ जुळेपर्यंत हेच.

चाळीसगावचा पोरगा पंधरा दिवसांनी परत आला. ट्रिम प्लस ३ च होता, प्लग बिस्किटाच्या रंगावर आलेले. आता त्याला गॅस किट बसवायचं आहे. मी दोनच गोष्टी सांगितल्या: किट मंजूर असलेलंच घे आणि आरसीवर नोंद करून घे, आणि गॅसच्या नोझलसाठी ड्रिल मारताना इनटेक मॅनिफोल्ड खाली उतरवून मारायला लाव. गाडीवर बसलेल्या मॅनिफोल्डला ड्रिल मारलं तर धातूचा किस पोर्टमध्ये (सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेत) पडतो. येत्या आठवड्यात तो मॅनिफोल्ड मीच उतरवून देणार आहे.