टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, पंखाचं टोक सांभाळा

सेसना १७२ या छोट्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ११ मीटर, म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साडेपाच-साडेपाच मीटर. एप्रनवरच्या, म्हणजे विमानं उभी करण्याच्या जागेवरच्या, पिवळ्या रेषेवर चाक असलं की पंख कशाला न धडकता जाईलच, असं धरून चालू नका. कडेला इंधनाचा टँकर किंवा हँगरचं (विमानाच्या शेडचं) अर्धवट उघडं दार असू शकतं. विमान हललं की लगेच ब्रेक तपासा. चेकलिस्ट, रेडिओची फ्रिक्वेन्सी, टॅबलेट ही कामं थांबूनच करा. शेपटीला चाक असलेल्या विमानात नाकापुढचं दिसत नाही, तिथे नागमोडी चालवा. अंतराची शंका आली तर थांबा, इंजिन बंद करा, उतरून बघा. फिरत्या प्रोपेलरजवळ मदतीला कुणालाही बोलवू नका. उशीर झाला तर होऊ द्या.